नवी वनस्पती जाती: संशयापासून वर्णनापर्यंत

ओळख न पटलेली वनस्पती हाती लागली की ती नवीच असणार, असे वाटायला वेळ लागत नाही. बहुतेक वेळा ती नवी नसते. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी तिला नाव देऊन ठेवलेले असते, ती दुसऱ्या खंडातून येऊन रुजलेली असते, किंवा ओळखीचेच झुडूप दाट सावलीत वाढल्यामुळे निराळे दिसत असते. तरीही जगभरात दरवर्षी सुमारे २,००० संवहनी (पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या नलिका असलेल्या) वनस्पतींच्या जातींना पहिल्यांदाच नाव मिळते. त्यामुळे आशा ठेवायला हरकत नाही, फक्त तुलनेचे काम टाळता येत नाही. ही वनस्पती आजवर नाव मिळालेल्या प्रत्येक जवळच्या जातीपेक्षा वेगळी आहे, हे तुम्हाला दाखवून द्यावे लागते.

या लेखात जाती म्हणजे स्पीशीज, प्रजाती म्हणजे जीनस आणि कुल म्हणजे फॅमिली, असा अर्थ धरला आहे.

आधी स्वतःच्या संशयावर संशय

एकाच जातीची झाडे एकमेकांपासून किती वेगळी दिसू शकतात, याचा अंदाज नवख्याला नसतो. सावलीतली पाने मोठी, पातळ आणि गडद होतात; उन्हातली लहान आणि जाड. तोडलेल्या खोडातून फुटलेल्या धुमाऱ्यांची पाने तर कधी कधी मूळ झाडाच्या दुप्पट असतात आणि त्यांचा आकारही बदलतो. रोपटे आणि वाढलेले झाड यांची पाने वेगळी असणे ही कितीतरी कुलांमधली नेहमीची गोष्ट आहे. कीटकांमुळे आलेल्या गाठी, विषाणूमुळे वळलेली पाने आणि दोन जातींचा संकर यांनीही भल्याभल्यांना फसवले आहे.

फुलांमध्येही सापळे आहेत. प्रिम्युलासारख्या वनस्पतींत एकाच जातीच्या काही झाडांवर लांब कुक्षीवृंताची (स्त्रीकेसराच्या दांडीची) आणि काही झाडांवर आखूड कुक्षीवृंताची फुले येतात. हे माहीत नसेल तर एकाच जातीच्या दोन जाती होतात. नर आणि मादी फुले वेगळ्या झाडांवर असली, तरी हाच धोका. उमलताना पांढरे असलेले फूल दुसऱ्या दिवशी पिवळे किंवा गुलाबी पडत असेल, तर रंग कोणत्या दिवशी पाहिला हेही महत्त्वाचे ठरते.

म्हणून पहिला नियम: एका झाडावरून काहीही ठरवू नका. आसपासची दहा-वीस झाडे पाहा, उन्हातली आणि सावलीतली दोन्ही. तुम्हाला खटकलेला फरक त्या सगळ्यांत टिकला, तरच पुढे जा.

फील्डवर काय नोंदवायचे

वाळलेला नमुना शेकडो वर्षे टिकतो, पण वाळताना बरेच काही हरवते. रंग जातो, वास जातो, चीक सुकतो, मांसल भाग चपटे होतात आणि फूल झाडावर वर तोंड करून होते की खाली लोंबत होते, हे कळायला मार्ग राहत नाही. वहीत सर्वांत आधी याच गोष्टी लिहाव्यात. पानाचा आकार नंतर नमुना चिकटवलेल्या शीटवर मोजता येतो. चिकाचा रंग पुन्हा कधीच दिसणार नाही.

माझ्या मते प्रत्येक नोंदीत निदान एवढे हवे: तारीख, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, खडक किंवा मातीचा प्रकार, ऊन-सावली, झाडाची उंची आणि वाढीची ढब, सालीचे स्वरूप, चीक आहे का, चुरगळलेल्या पानाचा वास, फुलाच्या प्रत्येक भागाचा रंग, शेजारी वाढणाऱ्या वनस्पती आणि त्या जागी अंदाजे किती झाडे आहेत. शेवटचा आकडा नवखे हमखास विसरतात आणि पुढे जातीला किती धोका आहे हे ठरवताना तोच लागतो.

फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. फूल समोरून, बाजूने आणि उभे चिरून, पानाच्या दोन्ही बाजू, फांदीचे टोक, फळ, आणि ज्या जागी झाड उभे आहे ती जागा. चांगला फोटो कधी कधी अख्ख्या शोधाची सुरुवात ठरतो. ब्राझीलमधली ड्रोसेरा मॅग्निफिका ही कीटकभक्षी वनस्पती फेसबुकवरच्या फोटोंमुळे अभ्यासकांच्या नजरेत आली आणि २०१५ मध्ये तिला नाव मिळाले. पण ते नाव फोटोच्या जोरावर मिळालेले नाही. अभ्यासक त्या डोंगरावर गेले, नमुने आणले आणि मगच वर्णन लिहिले.

नमुना गोळा करण्याआधी परवानगी घ्या. संरक्षित क्षेत्राची, जमीनमालकाची आणि नमुना देशाबाहेर जाणार असेल तर ज्या देशातून तो घेतला त्या देशाच्या जैवविविधता कायद्याची. जैविक संपत्तीच्या वापराबाबतचा आंतरराष्ट्रीय नागोया करार २०१४ पासून लागू आहे आणि परवान्याचा क्रमांक विचारल्याशिवाय पुढे न जाणारी नियतकालिके वाढत चालली आहेत. किती तोडायचे याचा जुना संकेत असा: वीस झाडांमागे एकापेक्षा जास्त घेऊ नये. मोजकीच झाडे असतील तर मुळासकट उपटणे नाहीच. फुलांची एक फांदी पुरते.

फांदी अशी निवडा की तिच्यावर पाने, कळ्या, फुले आणि जमल्यास फळे एकत्र असतील. हर्बेरियमची, म्हणजे वाळलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहालयाची, शीट साधारण ४२ × २८ सेंटिमीटरची असते, तिच्यात मावेल असा नमुना दाबायचा. एका झाडाच्या तीन-चार शीट करता आल्या तर उत्तम, कारण त्या वेगवेगळ्या हर्बेरियममध्ये ठेवता येतात. दाबताना एखादे पान उलटे ठेवा, म्हणजे खालची बाजूही दिसेल. काही फुले ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा, त्यामुळे त्यांचा मूळ आकार टिकतो. पानाचे छोटे तुकडे सिलिका जेलमध्ये वाळवून ठेवले, तर पुढे डीएनए काढता येतो. आज गरज वाटत नसली तरी ठेवा.

फूल आणि फळ एकाच वेळी मिळेलच असे नाही. झाडाला खूण करून ठेवावी आणि दुसऱ्या हंगामात परत जावे. फळाशिवाय लिहिलेले वर्णन नियमात बसते, पण ते अपुरे असते आणि वाचणाऱ्याला ते जाणवते.

कुल आणि प्रजाती गाठणे

आता डायकॉटॉमस की, म्हणजे दोन-दोन पर्यायांची ओळखसूची घेऊन बसायचे. पाने समोरासमोर की एकाआड एक, अंडाशय वर की खाली, असा प्रत्येक ठिकाणी एक पर्याय निवडत खाली उतरायचे. लामार्क यांनी १७७८ मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींसाठी ही पद्धत वापरली होती; आजही तिच्याइतकी सोयीची दुसरी पद्धत नाही. दोन पर्यायांत अडलात तर दोन्ही वाटांनी शेवटपर्यंत जा. चुकीची वाट सहसा दोन-तीन पायऱ्यांत स्वतःच अशक्य ठरते.

इथे काही लक्षणांकडे नवख्यांचे हटकून दुर्लक्ष होते. पहिले म्हणजे पान साधे की संयुक्त. पानाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. कळी शोधा, उत्तर मिळेल. दुसरे, उपपर्णे, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारे पानासारखे छोटे भाग. ती लवकर गळतात, त्यामुळे जुन्या फांदीवर पाहून ‘नाहीत’ असे लिहू नये. फांदीचे अगदी कोवळे टोक पाहा आणि पेरावर वण आहेत का तेही पाहा. कॉफीच्या कुलात समोरासमोरच्या दोन देठांच्या मधोमध उपपर्ण असते, आणि नुसत्या या एका खुणेवर कुलापर्यंत पोचण्याचे अर्धे काम होते. तिसरे, पान उजेडासमोर धरून पाहणे. लिंबाच्या आणि जांभळाच्या कुलात पानभर पारदर्शक ठिपके दिसतात, त्या तैलग्रंथी असतात.

लवेबद्दल ‘लवदार’ एवढे लिहून भागत नाही. लव साधी आहे, चांदणीसारखी फुटलेली आहे, टोकाला ग्रंथी असलेली आहे की खवल्यांसारखी चिकटलेली आहे, हे दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने स्पष्ट दिसते. लव किती दाट आहे हे कोरड्या-ओल्या जागेप्रमाणे बदलते. तिचा प्रकार सहसा बदलत नाही.

फूल उघडणे

माझ्या दृष्टीने संपूर्ण कामातला हा सर्वांत महत्त्वाचा तास. वाळलेले फूल असेल तर गरम पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून काही मिनिटे भिजवा, ते मऊ होऊन उलगडते. मग स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली दोन सुया आणि धारदार ब्लेड घेऊन बाहेरून आत एकेक चक्र सोडवत जा.

निदलपुंज: निदले सुटी की जोडलेली, फळ धरेपर्यंत टिकतात की गळतात. दलपुंज: पाकळ्या किती, कळीत त्या एकमेकींवर कशा चढल्या आहेत. हे उमललेल्या फुलात कळत नाही, त्यासाठी कळी आडवी कापावी लागते. पुमंग: पुंकेसर किती, ते पाकळ्यांना चिकटलेले की पुष्पाधारावर, एकमेकांना जोडलेले की सुटे. जास्वंदीच्या फुलात सगळ्या पुंकेसरांची मिळून एक नळी होते, तसे काही आहे का? परागकोष उभ्या चिरेने उघडतात की टोकाच्या छिद्राने? जायांग: अंडाशय आडवा कापा, कप्पे मोजा, बीजांडे कुठे चिकटली आहेत आणि एका कप्प्यात किती आहेत ते पाहा. मग दुसरे फूल उभे कापा. तळाशी मधाची चकती असेल तर तिचा आकार आणि खाचा नोंदवा.

आतल्या भागांना एवढे महत्त्व का? कारण पानाचा आकार ऊन, पाणी आणि माती यांच्या तालावर बदलतो, पण बीजांडांची मांडणी पावसाळा कमी झाला म्हणून बदलत नाही. फळ आणि बी यांचेही तसेच. बीच्या पृष्ठभागावरचे जाळे, खाचा, पंख किंवा केस यांवर मोठमोठ्या प्रजातींमधल्या जाती वेगळ्या केल्या गेल्या आहेत.

प्रत्येक माप अनेक झाडांवर घ्यायचे आणि पल्ला लिहायचा. क्वचित आढळणारी टोकाची मापे कंसात जातात: पान (२.५–)३–५.५(–७) सेंमी, म्हणजे बहुतेक पाने ३ ते ५.५, एखादे २.५ पर्यंत लहान, एखादे ७ पर्यंत मोठे. मापे ताज्या फुलाची, भिजवलेल्या फुलाची की वाळलेल्या फुलाची, तेही लिहा. वाळताना फूल आकसते.

तुलना: इथेच बहुतेक ‘नव्या’ जाती गळतात

प्रजाती ठरली की त्या प्रजातीतल्या सगळ्या जातींची नावे काढा. इंटरनॅशनल प्लांट नेम्स इंडेक्स आणि प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या दोन्ही सूची मोफत पाहता येतात. फक्त स्वीकारलेली नावे पाहून थांबू नका. समानार्थी ठरवून बाजूला टाकलेली नावेही तपासा, कारण पूर्वी कुणीतरी तुमच्याच वनस्पतीला नाव दिलेले असेल आणि नंतरच्या अभ्यासकाने ते दुसऱ्या जातीत विलीन केले असेल. तसे निघाले तर नवे नाव देता येत नाही. जुने नाव पुन्हा वर काढावे लागते. हा निकाल निराश करतो, पण शास्त्राच्या दृष्टीने तो पुरेसा मोलाचा आहे आणि त्यावरही लेख लिहिता येतो.

मग प्रत्येक जवळच्या जातीचे पहिले वर्णन आणि तिचा टाइप नमुना पाहायचा. टाइप म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचे बांधलेले असते तो नमुना. मोठ्या हर्बेरियमनी हजारो टाइपांची चित्रे ऑनलाइन ठेवली आहेत. इतर शीटवरच्या चिठ्ठीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. उष्ण कटिबंधातल्या वनस्पतींच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर चुकीची नावे असण्याची शक्यता एका अभ्यासात मांडली गेली आहे.

जगात सुमारे ३,५०० हर्बेरियम आणि त्यांत चाळीस कोटींच्या घरात नमुने आहेत. नव्या जाती तिथेही पडून असतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की गोळा केल्यापासून पाच वर्षांत नाव मिळालेल्या जाती जेमतेम १६ टक्के होत्या आणि जवळपास पाव जातींच्या बाबतीत पन्नास वर्षांहून जुने नमुने वापरलेले होते.

महाकाय कमळांच्या व्हिक्टोरिया प्रजातीचे उदाहरण या दृष्टीने फार शिकवणारे आहे. तिसऱ्या जातीचा, व्हिक्टोरिया बोलिव्हियानाचा, नमुना लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या हर्बेरियममध्ये १७७ वर्षे दुसऱ्याच नावाखाली पडून होता. संशय आल्यावर बोलिव्हियातून बी मागवले गेले आणि तिन्ही जाती क्यूमध्ये शेजारी-शेजारी वाढवल्या गेल्या. सारख्या पाण्यात, सारख्या उबेतही काट्यांची मांडणी आणि बियांचा आकार यांतले फरक टिकले. म्हणजे ते फरक जागेमुळे नव्हते. २०२२ मध्ये तिला नाव मिळाले. शक्य असेल तिथे असे शेजारी-शेजारी वाढवून पाहण्यासारखा दुसरा पुरावा नाही.

वेगळी जाती म्हणायचे केव्हा

याचे एकच उत्तर नाही आणि अभ्यासकांत यावरून जोरदार वाद होतात. मी हे पाहतो: निदान दोन-तीन फरक हवेत, ते एकमेकांवर अवलंबून नसावेत, आणि मधल्या पायऱ्या सापडू नयेत. पाकळी मोठी, निदल मोठे, पुंकेसर लांब, हे तीन फरक नव्हेत. फूल मोठे आहे, एवढा तो एकच फरक आहे. पण बीचा पृष्ठभाग वेगळा, लवेचा प्रकार वेगळा आणि फुलोऱ्याची रचना वेगळी, हे तीन खरे फरक आहेत. तुमच्या आणि जवळच्या जातीच्या मापांचा आलेख काढा. ठिपक्यांचे दोन पुंजके स्पष्ट वेगळे पडले तर ठीक. एकच लांबट ढग झाला तर थांबा. फरक थोडा आणि ठरावीक भागापुरता असेल, तर उपजाती किंवा वाण हा दर्जा जास्त प्रामाणिक ठरतो. डीएनएचा पुरावा जोडला तर बाजू भक्कम होते, पण नामकरणाचे नियम तो सक्तीचा करत नाहीत.

वर्णन आणि निदान

वर्णनाचा क्रम ठरलेला आहे: वाढीची ढब, खोड, पाने, फुलोरा, फूल बाहेरून आत, फळ, बी. क्रियापदे जवळजवळ नसतात. एका कल्पित झुडपाचे वर्णन असे सुरू होईल:

झुडूप, ०.५–१.२ मी. उंच. कोवळ्या फांद्या चौकोनी, आखूड पांढुरक्या साध्या लवेने झाकलेल्या. जुन्या फांद्या गोल, गुळगुळीत. पाने समोरासमोर, देठ ३–६ मिमी, पाते लंबगोल, (२.५–)३–५.५(–७) × १–२ सेंमी, बूड पाचरीसारखे, कडा अखंड, टोक टोकदार. बाजूच्या शिरा ५–७ जोड्या, खालच्या बाजूला उठावदार.

‘सुंदर’, ‘बरेचसे’, ‘लहानसे’ यांना इथे जागा नाही. जवळच्या जातीच्या वर्णनात जी लक्षणे आहेत ती सगळी तुमच्याही वर्णनात त्याच शब्दांत यायला हवीत, नाहीतर तुलना करता येत नाही.

निदान म्हणजे डायग्नोसिस मात्र दोन-तीन ओळींचे असते आणि लोक खरे तर तेच वाचतात. म्हणून ते आधी लिहावे, असा माझा आग्रह असतो. उदाहरणार्थ: ‘क या जातीसारखी, परंतु निदले ६–८ मिमी, फळावर टिकणारी (क मध्ये २–३ मिमी, गळणारी), आणि बी जाळीदार (क मध्ये गुळगुळीत).’ तुमच्या वनस्पतीबद्दल असे नेमके वाक्य तयार होत नसेल, तर तुलनेचे काम अजून संपलेले नाही.

सोबत रेखाचित्र द्या. फोटोत दिसत नाही ते रेषेत दाखवता येते: पोटातली बीजांडे, लवेचा प्रकार, परागकोषाची पाठ. प्रत्येक भागाला मोजपट्टी हवी.

नाव आणि नियम

वनस्पतींच्या नामकरणाची सुरुवात लिनियस यांच्या १७५३ मधल्या ग्रंथापासून धरतात आणि शैवाल, बुरशी व वनस्पती यांच्यासाठी एकच आंतरराष्ट्रीय संहिता आहे. २०२४ मध्ये माद्रिदला झालेल्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ती शेवटची सुधारली गेली. वनस्पतींसाठी कामापुरते असे: वर्णन किंवा निदान लॅटिन अथवा इंग्रजीत हवे. १९३५ ते २०११ या काळात लॅटिनच चालत असे. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते. त्याच दिवसापासून आयएसएसएन (नियतकालिकाचा) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा) क्रमांक असलेल्या ऑनलाइन पीडीएफमधले प्रकाशनही ग्राह्य धरले जाते. होलोटाइप म्हणून एकच नमुना नेमावा लागतो आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये आहे ते लिहावे लागते. त्याच झाडाच्या, त्याच वेळी काढलेल्या इतर शीट म्हणजे आयसोटाइप. एवढ्यातले काही राहिले तर नाव कितीही छान असले तरी ते अस्तित्वात येत नाही.

जातीचे नाव प्रजातीच्या नावाची हुबेहूब पुनरावृत्ती नसावे; प्राण्यांत तसे चालते, वनस्पतींत नाही. त्याच प्रजातीत ते आधी कुणी वापरलेले नसावे. लक्षणावरून, ठिकाणावरून किंवा व्यक्तीवरून नाव देता येते. स्वतःचे नाव स्वतःच देण्यावर बंदी नाही, पण शिष्टसंमत नाही. मी स्वतः लक्षणावरून दिलेल्या नावाच्या बाजूचा आहे, कारण ते वाचणाऱ्याला ओळखायला मदत करते. लॅटिन व्याकरण जाणकाराकडून तपासून घ्या, विशेषतः लिंग.

पाठवण्यापूर्वी

हर्बेरियमने शीटला क्रमांक दिला आहे ना, लेखातला गोळा करणाऱ्याचा क्रमांक आणि चिठ्ठीवरचा क्रमांक जुळतो ना, हे ताडून पाहा. पाहिलेल्या सर्व नमुन्यांची यादी, वितरणाचा नकाशा, फुला-फळांचा हंगाम आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या निकषांनुसार धोक्याची पातळी जोडा. माहिती अपुरी असेल तर ‘डेटा डेफिशियंट’ ही अधिकृत पातळी आहे, ओढूनताणून ‘अतिसंकटग्रस्त’ लिहू नका. नवी जाती धरून प्रजातीची ओळखसूची पुन्हा लिहिली, तर तुमचा लेख इतरांच्या रोजच्या वापरात राहतो.

आणि ऑर्किड, निवडुंग, कीटकभक्षी किंवा मांसल वनस्पती असेल तर अचूक अक्षांश-रेखांश छापू नका. गोळा करून विकणारे लोक असे लेख वाचतात. नेमकी जागा हर्बेरियमकडे नोंदवा, लेखात परिसराचे नाव पुरे आणि फोटोंमधली जागेची डिजिटल माहितीही पाठवण्याआधी काढून टाका.